१/७२ प्रमाणातील झिरो: रंगाआधी विमान ठरवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दुसऱ्या महायुद्धातील जपानी नौदलाचे लढाऊ विमान मित्सुबिशी ए६एम२ झिरो, मॉडेल २१, याची १/७२ प्रमाणातील प्रतिकृती आपण बांधायला घेतली आहे आणि ती पर्ल हार्बरवरील हल्ल्यातील विमानाची असावी अशी आपली इच्छा आहे. परंतु किटमधील सूचनापत्र फिकट राखाडी रंग सांगते, एका पुस्तकात तो हिरवट राखाडी दिला आहे आणि आणखी एके ठिकाणी जवळजवळ कारमेलसारखी तपकिरी छटा दाखवलेली आहे. यांपैकी कोणता रंग धरावा, आणि एवढ्या लहान प्रतिकृतीत तपशील कुठवर भरावा, असे आपण विचारले आहे.

माझे पहिले सांगणे असे की, रंगाचा प्रश्न काही काळ बाजूला ठेवावा. झिरोची सर्व प्रकारांत मिळून दहा हजारांहून अधिक विमाने तयार झाली. ती दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी बांधली आणि १९४० ते १९४५ या काळात ती विमानवाहू जहाजांपासून न्यू गिनीतील धुळीच्या धावपट्ट्यांपर्यंत सर्वत्र वापरली गेली. ‘झिरोचा रंग कोणता’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. ‘अमुक जहाजावरचे, अमुक क्रमांकाचे विमान त्या दिवशी कसे होते’ असा प्रश्न केला, तर मात्र रंगापासून अँटेनापर्यंत बहुतेक गोष्टी आपोआप ठरत जातात. विमान निवडताना ते विख्यात वैमानिकाचे असण्यापेक्षा त्याची छायाचित्रे आणि अवशेष उपलब्ध असणे कितीतरी अधिक महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्यासाठी मी हिर्यू या विमानवाहू जहाजावरील, बीआयआय-१२० या क्रमांकाचे विमान सुचवीन. ७ डिसेंबर १९४१ रोजी हल्ल्याच्या दुसऱ्या लाटेत गेलेले हे विमान गोळ्या लागल्यामुळे परत जाऊ शकले नाही आणि शिगेनोरी निशिकाइची या तरुण वैमानिकाने ते हवाईतील निइहाऊ या छोट्या बेटावर उतरवले. उतरताना ते जमिनीवर जोरात आदळले. पुढच्या काही दिवसांत बेटावर जो संघर्ष झाला त्यात विमानाला आग लावण्यात आली आणि १३ डिसेंबरला निशिकाइचीचा मृत्यू झाला. अमेरिकी नौदलाने त्या अवशेषांची छायाचित्रे काढली, आणि उरलेले भाग आज हवाईतील फोर्ड बेटावरच्या विमान संग्रहालयात ठेवलेले आहेत. विमान कोणते, कोणत्या दिवशीचे, कोणत्या जहाजाचे, यांपैकी कशाबद्दलही संदिग्धता नाही. अभ्यासासाठी याहून चांगला आरंभ सहसा मिळत नाही.

आता या एका निवडीतून काय काय निष्पन्न होते ते पाहू. नाकाजिमा कंपनीने परवान्यावर झिरो बांधायला नोव्हेंबर १९४१ मध्ये सुरुवात केली आणि हल्ल्याचा ताफा जपानच्या उत्तरेकडील हितोकाप्पू उपसागरातून २६ नोव्हेंबरला निघाला. त्यामुळे पर्ल हार्बरवर गेलेली झिरो विमाने मित्सुबिशीच्याच कारखान्यातली होती, असे निःशंकपणे धरता येते. ही गोष्ट किरकोळ वाटली, तरी प्रतिकृतीवरचे निम्मे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. नाकाजिमाने बांधलेल्या मॉडेल २१ वर धडाच्या बाजूवरील लाल वर्तुळाला पांढरी कड असे; मित्सुबिशीच्या विमानांवर या काळात ती नसे. मित्सुबिशीच्या विमानांचे काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, निळसर झाक असलेल्या काळ्या रंगाचे होते, तर नाकाजिमाचे सरळ काळे. कॉकपिटच्या हिरव्या रंगातही दोन्ही कारखान्यांत फरक होता. आपल्या डिकलच्या (चिकटवायच्या चिन्हांच्या) पानावर पांढऱ्या कडेची वर्तुळे असतील तर ती या विमानासाठी वापरू नयेत. कड कापून काढण्याच्या खटपटीपेक्षा गोल मास्क लावून लाल रंग एअरब्रशने मारणे सोपे जाते आणि ते दिसतेही अधिक चांगले.

किट मॉडेल २१ चेच आहे ना, हेही एकदा पाहून घ्यावे, कारण एकाच साच्यातून वेगवेगळे प्रकार काढण्याची उत्पादकांना सवय असते आणि खोक्यात नको असलेले भागही येतात. मॉडेल २१ चा पंखविस्तार १२ मीटर आणि लांबी ९.०६ मीटर होती. १/७२ मध्ये या मापांचे अनुक्रमे १६६.७ आणि १२५.८ मिलिमीटर होतात. पंखांची टोके जहाजाच्या उद्वाहकात (लिफ्टमध्ये) मावावीत म्हणून प्रत्येकी सुमारे ५० सेंटिमीटर वर दुमडता येत. प्रतिकृतीत हा भाग जेमतेम ७ मिलिमीटरचा होतो. साकाए १२ इंजिनाच्या कार्ब्युरेटरला हवा घेणारे तोंड काउलिंगच्या खालच्या बाजूला होते. पुढे मॉडेल ३२ मध्ये साकाए २१ इंजिन आले आणि ते तोंड वर गेले. पंखातील २० मिलिमीटरच्या तोफांची नळी आखूड असल्यामुळे मॉडेल २१ मध्ये ती पंखाच्या पुढच्या कडेबाहेर जवळजवळ येतच नाही. लांब नळ्या पुढे आलेल्या दाखवल्या की ते विमान थेट १९४३ नंतरच्या प्रकाराचे होऊन बसते. टामिया, एअरफिक्स आणि हासेगावा या तिघांचीही मॉडेल २१ ची किट या प्रमाणात आहेत. तिन्हींवर चांगले काम होऊ शकते, म्हणून हाती असलेले बाजूला टाकून दुसरे विकत घेण्याचे कारण नाही.

संदर्भ गोळा करताना पुराव्याची प्रतवारी लावून घ्यावी. सर्वांत वर त्याच विमानाची त्या काळातील छायाचित्रे, त्याखाली त्याच कारखान्यातून त्याच सुमारास निघालेली विमाने, मग संग्रहालयातील विमाने, आणि सर्वांत शेवटी चित्रकारांनी काढलेली रंगीत पार्श्वदर्शने, म्हणजे बाजूने दिसणाऱ्या विमानाची चित्रे. पुष्कळ जण हा क्रम नेमका उलटा लावतात आणि मग तीन पार्श्वदर्शनांत तीन रंग पाहून गोंधळतात. ही चित्रे अनेकदा एकमेकांवरून काढलेली असतात. दहा चित्रांत एकच गोष्ट दिसली म्हणजे दहा पुरावे झाले, असे मुळीच नाही.

बीआयआय-१२० चे कॉकपिट आगीत गेले असल्यामुळे आतल्या भागासाठी दुसरे विमान शोधावे लागते. सुदैवाने ते आहे. ४ जून १९४२ रोजी र्युजो जहाजावरचे डीआय-१०८ हे विमान अल्यूशन बेटांपैकी अकुटान बेटावरील दलदलीत उलटले आणि त्यात त्याचा वैमानिक तादायोशी कोगा मरण पावला. विमान मात्र बऱ्याच अंशी शाबूत राहिले. मित्सुबिशीने ते फेब्रुवारी १९४२ मध्ये तयार केले होते, म्हणजे आपल्या विमानाशी त्याचे नाते फार जवळचे आहे. अमेरिकेने ते बाहेर काढून सॅन डिएगोला नेले, दुरुस्त केले आणि सप्टेंबर १९४२ पासून उडवलेही. येथे एक पथ्य पाळावे. बेटावर आणि दुरुस्तीआधी काढलेली छायाचित्रे रंगासाठी व तपशिलासाठी उपयोगी आहेत. दुरुस्तीनंतर त्यावर अमेरिकी रंग चढला, त्यामुळे नंतरच्या छायाचित्रांवरून आकार तेवढा घ्यावा, रंग घेऊ नये. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमधील मॉडेल २१ देखील मित्सुबिशीचेच आहे आणि बांधणी समजून घेण्यासाठी ते अतिशय उपयुक्त आहे. आज उडणाऱ्या झिरोंपैकी काहींमध्ये मात्र अमेरिकी प्रॅट अँड व्हिटनी इंजिन बसवलेले आहे. अशा विमानांच्या काउलिंगची आणि इंजिनाची छायाचित्रे समोर ठेवून काम करू नये.

कृष्णधवल छायाचित्र वाचणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. त्या काळात ऑर्थोक्रोमॅटिक आणि पॅनक्रोमॅटिक अशा दोन्ही फिल्म वापरात होत्या. पहिलीत लाल रंग जवळजवळ काळा उमटतो आणि निळा फिकट पडतो. दुसरीत हे प्रमाण बदलते. म्हणून एका छायाचित्रातील राखाडी दुसऱ्या छायाचित्रातील राखाडीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. तुलना त्याच छायाचित्राच्या आत करावी: शेपटीवरचा लाल क्रमांक किती गडद आला आहे, काउलिंग किती काळे आले आहे, आणि त्या दोहोंच्या मानाने धडाचा पत्रा कुठे बसतो. शिवाय या विमानांचा लेप चकाकता होता. ज्या बाजूवर सूर्य पडला आहे ती पांढरी भासते आणि पोटाखालची बाजू त्याच रंगाची असूनही कितीतरी गडद दिसते. झिरो पांढरे किंवा फिकट करडे होते हा समज बऱ्याच अंशी या चकाकीतून आणि उन्हापावसाने खडूसारख्या पडलेल्या जुन्या लेपातून निर्माण झाला आहे.

आता रंगाकडे येऊ. जपानी नौदलाच्याच १९४२ च्या एका अहवालात झिरोच्या तेव्हाच्या रंगाचे वर्णन राखाडी, किंचित पिवळसर तांबूस छटेकडे झुकणारा आणि चकाकता, असे आहे. अवशेषांवरचे जे लेप अभ्यासकांनी घासून, स्वच्छ करून पाहिले आहेत, त्यांतही मंद ऑलिव्ह झाक असलेला राखाडीच पुढे येतो. म्हणजे आपल्या तिन्ही संदर्भांत सत्याचा थोडाथोडा अंश आहे. मूळ रंग राखाडी, त्यात ऊबदार हिरवट-पिवळट झाक. जुना होऊन खडूसारखा पडला की थंड फिकट राखाडी. आणि जुन्या वार्निशसारखा पिवळावला की कारमेलच्या दिशेने गेलेला. डिसेंबर १९४१ मधील विमान नवेसे आणि उत्तम निगेतले होते, म्हणून मूळ छटेजवळच राहावे, असे मला वाटते.

रंग मिसळताना मध्यम राखाडीत थोडा पिवळा गेरू आणि त्याहून कमी ऑलिव्ह हिरवा घालावा. ओला रंग पाहून निर्णय करू नये. त्याच प्लास्टिकच्या तुकड्यावर, त्याच प्रायमरवर फवारून, पूर्ण वाळल्यावर दिवसाच्या उजेडात पाहावे. तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवला असता तो राखाडी वाटला पाहिजे, आणि शुद्ध राखाडी तुकड्याशेजारी ठेवला असता त्यातली पिवळट-हिरवी ऊब जाणवली पाहिजे. नुसता पाहिल्याबरोबर तो हिरवा किंवा तपकिरी वाटत असेल तर मिश्रण जास्त झाले आहे. लहान प्रतिकृतीवर गडद रंग मुळाहून जड दिसतात, म्हणून शेवटी थोडा पांढरा घालून रंग किंचित उजळावा. फार उजळला तर पुन्हा खोक्यावरच्याच फिकट राखाडीला येऊन पोहोचाल. एलरॉन, रडर आणि एलिव्हेटर हे पंखांवरचे व शेपटीवरचे हलते भाग कापडाने मढवलेले होते आणि त्यांवरचा लेप धातूवरच्या लेपाहून वेगळा होता. तेथे तोच रंग किंचित फिकट आणि कमी चकाकता करून मारला की पृष्ठभागातला खरा फरक सौम्यपणे दिसतो. मुंबईत किंवा कोकणात काम करत असाल, तर पावसाळ्यातील दमट हवेत लॅकरचा थर पांढुरका पडतो हे ध्यानात ठेवावे. त्या दिवसांत काउलिंगच्या काळ्या-निळ्या चकाकीचे काम शक्यतो काढू नये.

चिन्हांच्या बाबतीत हिर्यूच्या विमानांवर धडाभोवती दोन निळे पट्टे होते. हल्ल्यातील इतर जहाजांपैकी आकागीचा एक लाल, कागाचे दोन लाल, सोर्यूचा एक निळा, शोकाकूचा एक पांढरा आणि झुइकाकूचे दोन पांढरे, अशी ही व्यवस्था होती. शेपटीवरचा क्रमांक लाल. यावरून आपल्या भूभागाशी संबंधित एक पर्यायही सुचवतो. ५ एप्रिल १९४२ रोजी कोलंबोवर आणि ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर जो हल्ला झाला, त्यात हिर्यूची झिरो विमाने होती. याच मोहिमेच्या काळात, ६ एप्रिलला, र्युजोच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे बॉम्ब टाकले. हिंदी महासागरातील विमान दाखवायचे मनात आले, तर कागाचे दोन लाल पट्टे मात्र टाळावेत, कारण ते जहाज दुरुस्तीसाठी जपानला परतले होते आणि या मोहिमेत नव्हते.

कॉकपिटमध्ये सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे सर्व आतला भाग चमकदार निळसर-हिरव्या आओताके लेपाने रंगवणे. हा पारदर्शक गंजरोधक लेप विमानाच्या झाकलेल्या भागांत होता; वैमानिक बसे तो भाग अपारदर्शक हिरव्या रंगाचा होता. चाकांच्या खोबणीतही, मित्सुबिशीच्या या सुरुवातीच्या विमानांत, बाहेरचाच राखाडी रंग धरावा. बंद कॅनपीतून (कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणातून) १/७२ मध्ये फार थोडे दिसते, म्हणून कष्ट जेथे नजर पोहोचते तेथेच करावेत. वरून पाहिले असता उपकरणफलकाच्या वरच्या भागात दोन्ही बाजूंना ७.७ मिलिमीटर मशीनगनचे मागचे भाग कॉकपिटमध्ये आलेले दिसतात. झिरोची ही खास ओळख आहे आणि अनेक किटमध्ये ती अगदी पुसट असते. प्लास्टिकच्या पातळ कांडीचे दोन तुकडे, काळ्या-पोलादी रंगात, येथे लावले आणि त्यांच्या मधोमध नेमसाधनाची बारीक काच बसवली की पुढचा भाग जिवंत होतो. आसन पातळ ॲल्युमिनियमचे, वजन कमी करण्यासाठी भोके पाडलेले होते. किटचे जाड आसन मागून घासून कडा कागदासारख्या कराव्यात आणि भोके बारीक ड्रिलने पाडावीत. या विमानाला वैमानिकामागे चिलखती पत्रा नव्हता, त्यामुळे तो लावू नये. अमेरिकी किंवा ब्रिटिश विमानांतल्यासारख्या चार टोकांच्या आसनपट्ट्याही येथे चालणार नाहीत. आसनामागे दिशाशोधक रेडिओची गोल अँटेना मात्र असावी, कारण समुद्रावरून परतणाऱ्या जहाजी विमानांना ती आवश्यक होती.

लहान प्रमाणात खरा तपशील म्हणजे कडांची जाडी, असे मी नेहमी सांगतो, आणि सर्वाधिक वेळ मी तेथेच देतो. १ मिलिमीटर जाडीची कॅनपी प्रत्यक्षात ७ सेंटिमीटरहून जाड काच दाखवते. पंखाची ०.६ मिलिमीटरची मागची कड सव्वाचार सेंटिमीटरचा ठोकळा होते. फोटो-एचचे (कोरीव पातळ धातूपत्र्याचे) कितीही भाग बसवले तरी ही जाडी नजरेला खटकतच राहते. म्हणून पंखाचे दोन भाग चिकटवण्याआधी खालच्या भागाची आतली बाजू मागच्या कडेजवळ सपाट सँडिंग स्टिकने घासावी. मधूनमधून दोन्ही भाग जुळवून उजेडासमोर धरावेत, आणि कड किंचित पारभासी होऊ लागली की थांबावे. चाकांची झाकणे, काउलिंगच्या मागच्या झडपा आणि एक्झॉस्टची तोंडे यांनाही तोच न्याय लावावा. एक्झॉस्टची दोन टोके आतून पोकळ केली की काउलिंगची खालची बाजू एकदम पटणारी होते.

रेषांच्या बाबतीत संयम ठेवावा. या विमानाचे रिव्हेट पृष्ठभागाशी सपाट बसवलेले होते आणि पत्र्यांचे सांधे घट्ट होते, तर ०.१५ मिलिमीटरची कोरीव रेषासुद्धा प्रत्यक्षात एक सेंटिमीटरहून रुंद चर होते. काळा वॉश, म्हणजे रेषांत भरायचा पातळ रंग, सर्वत्र भरला की विमान फरशी बसवल्यासारखे दिसते. मूळ रंगाहून दोन पायऱ्या गडद असा तपकिरी-राखाडी वॉश पुरे. मात्र सर्व रेषा सारख्या नसतात. पंख आणि धडाचा पुढचा भाग एकसंध बांधला जाई आणि मागचा भाग कॉकपिटच्या मागे बोल्टने जोडला जाई. कारखान्यातून कागामिगाहाराच्या धावपट्टीपर्यंत सुमारे ४८ किलोमीटर बैलगाड्यांवरून नेताना ही दोन भागांची रचना उपयोगी पडे. म्हणून ती जोडरेषा इतरांपेक्षा थोडी ठळक ठेवण्यास आधार आहे. उलट पंखाच्या मुळाशी किटमध्ये राहणारी फट मुळीच चालणार नाही. ती पुट्टीने पूर्ण भरून गुळगुळीत करावी. एलरॉन, फ्लॅप आणि काउलिंगच्या झडपा येथे वॉश थोडा अधिक गडद घ्यावा, कारण तेथे खरोखरच फट असते.

झिजेचे काम या विमानावर अगदी थोडे असावे. पापुद्रे निघालेला हिरवा रंग आणि खाली चकाकणारा धातू हे दृश्य पुढच्या काळातील, जमिनीवरच्या तळांवरील विमानांचे आहे. आपल्या विमानाला एक्झॉस्टमागे पातळ तपकिरी धुरकट छटा, तोफांच्या तोंडाशी अगदी पुसट काळेपणा आणि वैमानिक चढतो त्या डाव्या पंखमुळाशी किंचित घासलेला लेप इतकेच पुरते. वरचा क्लिअर कोट, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, पूर्ण मॅट नको. अर्धचकाकी ठेवली म्हणजे या लेपाचा स्वभाव टिकतो आणि प्रतिकृती खेळण्यासारखीही दिसत नाही.

शेवटी हल्ल्याची ती सकाळ आणि प्रतिकृतीची जोडणी यांचा मेळ घालावा. विमान उड्डाणासाठी डेकवर उभे दाखवायचे असेल तर पंखांची टोके सरळ, पोटाखाली ३३० लिटरची टाकी आणि शेपटीखाली हूक हवा. दुमडलेली टोके दाखवायची असतील तर ते हँगरमधले किंवा हलवाहलवीच्या वेळचे दृश्य होते, मग वैमानिक आत बसवू नये. प्रोपेलरची पुढची बाजू आणि स्पिनर उघड्या धातूच्या रंगात, पात्यांच्या टोकांजवळ दोन लाल पट्ट्या आणि मागची बाजू लालसर तपकिरी. संपूर्ण तपकिरी पाती नंतरच्या काळातली. जमिनीवरच्या काही तुकड्यांनी अँटेनाची काठी कापून टाकली होती, तरी जहाजावरच्या या विमानाला ती ठेवावी. अँटेनाची तार तापवून ताणलेल्या स्प्रूची, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला जोडलेले असतात तिची, करावी. ०.०५ मिलिमीटरची तार प्रत्यक्षात साडेतीन मिलिमीटरची होते, म्हणून मिळेल तितकी बारीक निवडावी आणि क्लिअर कोट पूर्ण वाळल्यानंतरच, काठीच्या टोकापासून रडरच्या वरच्या टोकापर्यंत, पांढऱ्या गोंदाच्या सुईच्या अग्राएवढ्या थेंबाने चिकटवावी.